मंदावलेला संगणक : निदान आणि उपाय

जून महिना उजाडला की दाखल्यांसाठी सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. मुलांच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा, जातीचा अथवा अधिवासाचा दाखला हवा असतो आणि त्यासाठी पालक एका दिवसाची मजुरी बुडवून आलेले असतात. खिडकीच्या आत कर्मचारी कळ दाबून बसलेला असतो आणि पडद्यावर वर्तुळ फिरत असते. "संगणक हळू चालतो आहे, थोडे थांबा," हे उत्तर देणाऱ्यालाही पाठ झालेले असते आणि ऐकणाऱ्यालाही. पंचायतीचे लेखे, शाळेची पटनोंदणी, कार्यालयातील टपाल व नस्त्या ही सारी कामे आता संगणकावर आली आहेत. त्यामुळे संगणकाच्या मंदपणाची किंमत अखेर नागरिकाच्या वेळातून वसूल होते.

अशा वेळी सामान्यतः दोन मार्ग अनुसरले जातात. नव्या संगणकाचा प्रस्ताव वरिष्ठांकडे पाठविणे हा एक, आणि वेग वाढविण्याचे आश्वासन देणारी एखादी फुकट आज्ञावली कोठून तरी उतरवून घेणे हा दुसरा. पहिला मार्ग खर्चाचा आहे, दुसरा धोक्याचा. या दोहोंच्या आधी येणारा एक तिसरा मार्ग मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. संगणकात या क्षणी कोणकोणती कामे चालू आहेत आणि त्यांपैकी कोणते काम किती साधने खर्च करीत आहे, हे प्रथम पाहणे, हा तो मार्ग होय. ते दाखविणारी आज्ञावली आपल्या कार्यालयांतील बहुतेक संगणकांत मुळातच असते आणि तिच्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही. तिचा उपयोग कसा करावा आणि कोठे थांबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रक्रिया म्हणजे काय?

आज्ञावली ही संगणकात साठवून ठेवलेली सूचनांची मालिका असते. ती चालू केली की तिची 'प्रक्रिया' सुरू होते. पाककृतीचे पुस्तक आणि चुलीवर शिजत असलेला स्वयंपाक यांत जो फरक, तोच आज्ञावली आणि प्रक्रिया यांत आहे. पुस्तके कपाटात कितीही असली तरी चूल अडत नाही. अडते ती एकाच वेळी चढविलेल्या भांड्यांनी. म्हणूनच 'संगणकात फार आज्ञावली भरल्या आहेत' हे मंदपणाचे पुरेसे कारण नव्हे. त्यांपैकी किती एकाच वेळी चालू आहेत, हा खरा प्रश्न आहे.

एका यंत्रावर अनेक कामे एकाच वेळी चालावीत, ही सोय आरंभापासून नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक कार्यान्वित झाला. त्या पिढीच्या यंत्रांवर एक काम पूर्ण झाल्यावरच दुसरे हाती घेतले जाई. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालविभाजनाची पद्धती चालवून दाखविली. प्रोसेसरचा वेळ अगदी लहान तुकड्यांत विभागून तो पाळीपाळीने प्रत्येक कामास द्यावयाचा, ही त्यामागील कल्पना होय. पाळी इतक्या जलद फिरते की प्रत्येकास संपूर्ण यंत्र आपल्यासाठीच राबत आहे असे वाटते. आजच्या संगणकात अनेक गाभ्यांचे प्रोसेसर असले, तरी चालू कामांची संख्या गाभ्यांच्या संख्येहून कितीतरी अधिक असते. त्यामुळे पाळीची ही व्यवस्था आजही कायम आहे. कोणाची पाळी केव्हा आणि किती वेळ, हे संगणकाची मूलप्रणाली ठरविते.

अडते कोठे?

प्रक्रियांना मुख्यतः चार साधने लागतात : प्रोसेसरचा वेळ, कार्यस्मृती अर्थात रॅम, हार्ड डिस्क आणि संपर्कजाळे. यांपैकी एकाचीही टंचाई झाली की इतर तीन मोकळी असूनही काम रखडते. रुग्णाची तक्रार एकच असली तरी आजार निराळे असू शकतात, तसाच हा प्रकार आहे.

कार्यस्मृतीच्या टंचाईचे परिणाम विशेष समजून घेण्यासारखे आहेत. कार्यस्मृती ही टेबलाच्या पृष्ठभागासारखी असते आणि हार्ड डिस्क ही अभिलेख कक्षासारखी. टेबल भरले की मूलप्रणाली काही कागद अभिलेख कक्षात पाठविते आणि लागतील तेव्हा परत मागविते. परंतु या दोन ठिकाणांच्या वेगात फार मोठी तफावत आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून माहिती आणण्यास कार्यस्मृतीच्या मानाने सुमारे एक लाख पट अधिक वेळ लागतो. टेबलावरचा कागद उचलण्यास एक सेकंद लागतो असे धरले, तर अभिलेख कक्षातून तो आणण्यास जवळजवळ २८ तास लागतील, असा हा हिशेब आहे. स्मृती फारच अपुरी पडली म्हणजे संगणकाचा बहुतेक वेळ कागदांची ने-आण करण्यातच जातो आणि प्रत्यक्ष काम थांबल्यासारखे होते. या अवस्थेची शास्त्रीय मीमांसा पीटर डेनिंग या संशोधकाने १९६८ साली केली. जुन्या संगणकावर एकाच वेळी अनेक पाने उघडली की आपल्याला याच अवस्थेचा प्रत्यय येतो.

निरीक्षणाचे साधन

विंडोज प्रणालीवरील संगणकात यासाठी 'टास्क मॅनेजर' ही आज्ञावली असते. डेव्ह प्लमर या अभियंत्याने लिहिलेली ही आज्ञावली १९९६ साली विंडोज एनटीच्या चौथ्या आवृत्तीबरोबर प्रथम उपलब्ध झाली. कळफलकावरील कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की ती पडद्यावर येते. लिनक्स वर्गातील प्रणालींवर 'सिस्टिम मॉनिटर' या नावाची आज्ञावली हेच काम करते.

टास्क मॅनेजरच्या 'प्रोसेसेस' या विभागात चालू प्रक्रियांची यादी दिसते. प्रत्येकीपुढे प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि संपर्कजाळे असे चार रकाने असतात. ज्या रकान्याच्या शीर्षावर टिचकी मारावी त्याच्या उतरत्या क्रमाने यादी लागते. संगणक मंद असतानाच हे निरीक्षण करावे; तो सुरळीत चालत असताना घेतलेल्या नोंदीवरून दोष सापडत नाही. चारही रकान्यांच्या शीर्षस्थानी एकूण टक्केवारी दिलेली असते. ज्या साधनाची टक्केवारी काही मिनिटे सतत शंभराच्या जवळ राहते, तेथे अडथळा आहे असे समजावे. क्षणभर वर जाऊन खाली येणारा आकडा चिंतेचा नसतो.

हे आकडे वाचताना दोन गैरसमज हमखास होतात. 'डिटेल्स' या विभागात 'सिस्टिम आयडल प्रोसेस' या नावापुढे पुष्कळदा ९० अथवा ९५ असा आकडा दिसतो आणि नवशिक्याला वाटते की चोर सापडला. वस्तुतः हा आकडा प्रोसेसर किती रिकामा आहे ते दाखवितो. तो मोठा असणे हे चांगलेच लक्षण होय. दुसरा गैरसमज स्मृतीविषयीचा. स्मृतीचा काही भाग नेहमी लागणाऱ्या गोष्टी हाताशी ठेवण्यासाठी प्रणाली मुद्दाम वापरते आणि गरज पडताच तो मोकळा करते. संपूर्ण रिकामी स्मृती म्हणजे कोरे टेबल. त्यावर काम चालू आहे असे कोणी म्हणणार नाही. 'स्मृती साफ करणाऱ्या' आज्ञावली हे हाताशी असलेले कागद बळेच अभिलेख कक्षात ढकलतात. आकडा खाली आल्याचे समाधान मिळते, पण पुढच्याच क्षणी ते कागद परत आणावे लागतात आणि वेग वाढण्याऐवजी घटतो.

उपायांचा क्रम

निदान झाल्यावर उपाय सोप्याकडून अवघडाकडे या क्रमाने करावेत.

पहिला उपाय म्हणजे संगणक 'रीस्टार्ट' करणे. हा सल्ला क्षुल्लक वाटतो. परंतु २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून पुढील आवृत्त्यांत एक बदल झालेला आहे. तेथे जलद प्रारंभाची सोय चालू असल्यास नेहमीच्या पद्धतीने संगणक बंद केला तरी मूलप्रणालीची अवस्था डिस्कवर जतन होते आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा उचलली जाते. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. 'परफॉर्मन्स' विभागात प्रोसेसरच्या आलेखाखाली 'अप टाइम' दिलेला असतो. रोज सायंकाळी बंद होणाऱ्या संगणकावरही तेथे कित्येक दिवसांचा आकडा दिसला, तर कारण हेच आहे असे समजावे.

दुसरा उपाय आरंभीच्या गर्दीवरील आहे. अनेक आज्ञावली संगणक सुरू होताच आपण होऊन चालू होतात. ध्वनिचित्र बैठकीची, संदेशवहनाची, छपाई यंत्राबरोबर आलेली, कोणीतरी एकदाच वापरलेली, अशा नाना आज्ञावली त्यांत असतात. 'स्टार्टअप ॲप्स' या विभागात त्यांची यादी आणि प्रत्येकीचा आरंभावरील भार दिलेला असतो. रोज न लागणारी नावे तेथे 'डिसेबल' करावीत. यामुळे ती आज्ञावली नाहीशी होत नाही. फक्त न बोलावता येत नाही. विषाणूरोधक आज्ञावली आणि अंकीय स्वाक्षरीसाठी लागणारी आज्ञावली यांना मात्र हात लावू नये.

तिसरा उपाय न्याहाळकाविषयी, म्हणजे ब्राउझरविषयी आहे. आजकाल बहुतेक शासकीय कामे न्याहाळकातूनच होतात. २००८ साली क्रोम हा न्याहाळक आला तो प्रत्येक पानासाठी स्वतंत्र प्रक्रिया चालविण्याची पद्धत घेऊन. एक पान बिघडले तर बाकीची शाबूत राहतात, हा तिचा लाभ. परंतु त्यामुळे स्मृती अधिक लागते. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप या कळा दाबल्यास त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणते पान किती स्मृती घेते ते कळते. काम झालेले पान बंद करण्याची सवय हीच येथे सर्वांत स्वस्त सुधारणा होय.

चौथा उपाय दुहेरी पहाऱ्याबद्दलचा. एका संगणकावर दोन विषाणूरोधक आज्ञावली एकाच वेळी पहारा देत असतील, तर उघडली जाणारी प्रत्येक फाइल दोघीही तपासतात. डिस्कचा रकाना शंभरावर खिळण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. दोहोंपैकी कार्यालयाने अधिकृत केलेली एकच ठेवावी. संपूर्ण तपासणीची वेळ भोजनाच्या सुटीत अथवा कार्यालयीन वेळेनंतर योजावी.

प्राधान्याचा प्रश्न

प्रक्रिया बंद न करता तिचा अग्रक्रम बदलण्याचीही सोय असते. विंडोजच्या 'डिटेल्स' विभागात अग्रक्रमाच्या सहा पायऱ्या दिलेल्या आहेत. लिनक्समध्ये यासाठी 'नाइस' नावाचा आकडा असतो आणि तो उणे २० पासून १९ पर्यंत बदलता येतो. इतरांशी सौजन्याने वागणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. आकडा जितका मोठा तितकी ती प्रक्रिया इतरांना अधिक वाट करून देते. 'प्रोसेस लॅसो' यासारख्या काही स्वतंत्र आज्ञावली हेच काम आपोआप करतात. पार्श्वभूमीतील एखादी प्रक्रिया प्रोसेसर बळकावू लागली की तिचा अग्रक्रम त्या तात्पुरता खाली आणतात.

याचा उपयोग कोठे होतो आणि कोठे होत नाही, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. अग्रक्रमाने कामाचा क्रम बदलतो. कामाचे प्रमाण घटत नाही. प्रोसेसरसाठी ओढाताण होत असेल तर समोरचे काम पुढे सरकते. टंचाई स्मृतीची किंवा डिस्कची असेल, तर प्रोसेसरचा अग्रक्रम बदलून फारसे साधत नाही. शिवाय आवडत्या आज्ञावलीस उच्च अग्रक्रम देण्यापेक्षा मागे चालणाऱ्या जड कामाचा अग्रक्रम उतरविणे अधिक सुरक्षित असते. 'रिअलटाइम' ही सर्वोच्च पायरी तर वापरूच नये. त्या पायरीवरील अवजड प्रक्रिया कळफलक आणि माउस यांनाही दाद देईनाशी होऊ शकते.

अग्रक्रमाची व्यवस्था किती नाजूक असते, याचे उदाहरण मंगळावरून मिळाले. अमेरिकेचे 'मार्स पाथफाइंडर' यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक वारंवार आपण होऊन नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणारे एक कनिष्ठ अग्रक्रमाचे काम सामाईक साधन हाती धरून बसे. त्याच साधनाची वाट एक उच्च अग्रक्रमाचे काम पाहत असे. अशा वेळी मधल्या अग्रक्रमाची कामे येऊन कनिष्ठाची पाळी हिरावून घेत. परिणामी कनिष्ठाचे काम संपत नसे आणि वरिष्ठाचे सुरू होत नसे. काम अडल्याचे पाहून यानातील पहारा-यंत्रणा संगणक नव्याने सुरू करी. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीवर हा दोष पुन्हा घडवून पाहिला. वरिष्ठ ज्याच्यासाठी खोळंबला आहे त्या कनिष्ठास तात्पुरता वरिष्ठाचाच अग्रक्रम द्यावा, अशी तरतूद त्या प्रणालीत उपलब्ध होती, पण ती चालू केलेली नव्हती. ती येथूनच संदेश पाठवून चालू करण्यात आली आणि दोष दूर झाला. तेथील तज्ज्ञांनीही आधी निरीक्षण केले, मग कारण शोधले आणि त्यानंतरच नेमका तेवढाच बदल केला. हा क्रम आपल्या टेबलावरील संगणकासही लागू पडतो.

काय करू नये?

टास्क मॅनेजरमधील 'एंड टास्क' ही कळ शस्त्रासारखी आहे. प्रस्तुत लेखकाने ती एकदा घाईने वापरली. मार्चअखेरीचे खर्चाचे विवरणपत्र तयार होत असताना पडद्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी अक्षरे उमटली. आज्ञावली बिघडली असे समजून ती बंद केली आणि जतन न केलेले दोन तासांचे काम नाहीसे झाले. मागाहून कळले की शेजारच्या खोलीतील छपाई यंत्र कोणीतरी बंद केले होते आणि आज्ञावली केवळ त्याच्या उत्तराची वाट पाहत होती. एखादी खिडकी सुमारे पाच सेकंद प्रतिसाद देत नसली की विंडोज ही अक्षरे दाखविते. त्यांचा अर्थ 'उत्तर आलेले नाही' एवढाच असतो. म्हणून चार-पाच मिनिटे थांबावे, छपाई यंत्र आणि संपर्कजाळे तपासावे आणि दुसरा इलाज नसेल तरच ती कळ दाबावी.

नाव ओळखीचे नाही म्हणून कोणतीही प्रक्रिया बंद करू नये. 'एसव्हीसीहोस्ट' हे नाव यादीत अनेकदा आलेले दिसते. मूलप्रणालीच्या निरनिराळ्या सेवा त्याच नावाखाली चालतात आणि तसे असणे स्वाभाविक आहे. 'सीएसआरएसएस' किंवा 'विनइनिट' यांसारख्या प्रक्रिया बंद केल्यास संपूर्ण संगणकच कोसळतो. मात्र संशयाला जागा असेल तर नावावर उजवी टिचकी मारून 'ओपन फाइल लोकेशन' पाहावे. मूलप्रणालीच्या या प्रक्रियांचे नेहमीचे स्थान विंडोजच्या 'सिस्टिम ३२' या कप्प्यात असते. तेच नाव धारण करणारी फाइल उतरवून घेतलेल्या फाइलींच्या कप्प्यात आढळली, किंवा कोणी काही काम करीत नसतानाही एखादी अनोळखी प्रक्रिया प्रोसेसर सतत राबवीत असली, तर प्रथम संपर्कजाळ्याची जोडणी काढावी आणि तांत्रिक अधिकाऱ्यास कळवावे. अधिक तपशील पाहणाऱ्या तंत्रज्ञांसाठी मार्क रसिनोविच यांची 'प्रोसेस एक्स्प्लोरर' ही आज्ञावली आहे. ती मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळते. इतर कोणतीही आज्ञावली शासकीय संगणकावर परवानगीवाचून बसवू नये. वेग वाढविण्याचे आमिष दाखवून माहिती पळविणाऱ्या आज्ञावलीही त्यांत असू शकतात.

नोंद आणि निर्णय

हे सारे केल्यावरही संगणक मंद राहू शकतो. अशा वेळी केलेली निरीक्षणे वाया जात नाहीत, कारण प्रस्तावात काय मागावयाचे ते त्यांवरूनच ठरते. अनावश्यक प्रक्रिया दूर करूनही स्मृतीची टक्केवारी नित्य ९०च्या आसपास राहत असेल, तर रॅम वाढवावी. फिरत्या तबकडीची डिस्क शंभरावर अडकत असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवावी; पुष्कळ जुन्या संगणकांत एवढ्याने पडणारा फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो. चारही रकाने मोकळे असून केवळ संकेतस्थळ उघडण्यास वेळ लागत असेल, तर दोष संपर्कजाळ्यात किंवा पलीकडच्या यंत्रणेत आहे आणि नवा संगणक घेऊनही तो दूर होणार नाही. प्रोसेसरच नेहमीच्या कामाला अपुरा पडत असेल, तेव्हा मात्र नव्या यंत्राची मागणी रास्त ठरते. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जी यंत्रे पुढील आवृत्ती स्वीकारू शकत नाहीत, त्यांचा विचार सुरक्षिततेच्या दृष्टीने स्वतंत्रपणे करावा लागेल. परंतु तो प्रश्न वेगाचा नव्हे.

यासाठी प्रत्येक संगणकामागे एक साधी नोंदवही ठेवणे उपयुक्त ठरेल. दिनांक व वेळ, त्या वेळी चाललेले काम, चारही साधनांची टक्केवारी, यादीतील पहिल्या तीन प्रक्रियांची नावे, केलेला उपाय आणि त्याचा परिणाम, एवढे रकाने तीत पुरेत. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळेल. शाळेत हे काम वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून शिक्षकांच्या देखरेखीखाली करवून घेतल्यास संगणकाच्या अंतरंगाचा तो उत्तम प्रत्यक्ष पाठ होईल. ग्रामपंचायतीत खरेदीचा विषय सभेपुढे येईल तेव्हा महिनाभराच्या या नोंदी सदस्यांपुढे ठेवाव्यात. काही हजारांत भागणाऱ्या दुरुस्तीसाठी नव्या यंत्राचा खर्च होत नाही ना, याची विचारणा करण्याचा त्यांना अधिकार आहे आणि ती करण्यास नोंदवही हे हाती असलेले साधन आहे.

खिडकीपुढे उभा असलेला नागरिक प्रोसेसर आणि स्मृती यांतील भेद विचारीत नाही. आपला दाखला वेळेवर मिळावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. संगणकात काय चालले आहे हे पाहण्यासाठी दररोज सकाळी पाच मिनिटे दिली, तर ती अपेक्षा पुरी करण्याच्या मार्गातील एक अडथळा आपल्याच हाताने दूर करता येईल.